जगाचे प्रश्न, टपालाने

३ फेब्रुवारी १९६३
दिल्लीहून पार्सल आलं. ‘जागतिक प्रश्न, निसर्गसंपत्ती आणि विकास’, टपालाने शिकायचा डिप्लोमा. धडे ते पाठवणार, उत्तरं मी. सगळी वेळेवर गेली की श्रावणात दिल्लीला बोलावणं, मग नोकरी. बायको, वत्सला, वारून दोन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात मला कशाचंच काही वाटत नाही. अशा माणसाने जगाचे प्रश्न हाती घ्यावेत. उद्यापासून पहाटे चारला उठणे.

४ फेब्रुवारी
आठला उठलो. थंडी. जिनिव्हात याहून जास्त असते म्हणतात. तिथले लोक कसे उठतात याचा अभ्यास केला पाहिजे.

१० मार्च
धडा दुसरा : जमिनीची धूप. विषय फार मोठा. मध्येच धुडकूभाऊ आला. म्हणाला, नालावरला बांध फुटी ऱ्हायना, चार पाट्या माती टाकाले चाल. सांगितलं, बांध फुटत असेल, पण मी सध्या आफ्रिकेतल्या धुपेवर आहे. तो पाटी घेऊन एकटाच गेला. थोरला असला तरी त्याला व्यापक दृष्टी नाही. उत्तर उद्या लिहीन.

२१ एप्रिल
धडा चौथा : वनसंपत्ती. प्रत्यक्ष पाहणी हवी म्हणून डोंगरातल्या मोलगीला निघालो. तळोद्यापर्यंत पोहोचलो. पुढच्या जीपमध्ये जागा होती, पण टपावर. स्टँडवर भजी खाल्ली, जरा सावलीत बसलो, परत आलो. नोंद : सातपुड्यात झाडं आहेत. लांबून दिसतात.

मे. तारीख बघायला उठवत नाही.
काँगोचा प्रश्न वाचायला घेतला. उकाडा. झोप लागली. काँगोतही उकाडाच असणार.

२६ जून
बांध गेला. कपाशीचा अर्धा तुकडा नाल्यात. अनुसयावहिनी ओट्यावर बसून रडल्या. मला काही वाटलं नाही. धुपेच्या उत्तरात उदाहरण म्हणून घेता येईल, एवढं मात्र सुचलं.

१२ जुलै
सगळी उत्तरं एका बैठकीत लिहून एकाच पाकिटात रवाना. मुदती उलटल्यात, पण शेवटी दर्जा बघतात. बोलावणं आठवड्यात येईल. गावात सांगून टाकलं.

२४ जुलै
रविवारी घरात कानबाई देवी बसणार. संध्याकाळी घरचे रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजायला बसले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, त्या दळणाचेच रोट. एकदा दळण झालं की मूठ वाढवायची नाही, आणि ज्याची मूठ नाही त्याला रोटाचा घास नाही. आमच्या घरात हा नियम कोणी मोडलेला नाही. भाऊने विचारलं, तुन्ही मूठ मोजू ना? म्हटलं, नको. रविवारी मी दिल्लीत असेन. माय म्हणाली, मोजू दे रे, नही गया तू ते? भाऊ मूठ भरून थांबला होता. मी मान हलवली. निर्धार म्हणतात तो हा.

२७ जुलै
उखा पोस्टमनने पाकीट आणून दिलं. माझंच, न फोडता परत. वर लाल शाईत : मुदतीनंतर आल्याने नाव कमी केले आहे. दिल्लीच्या लोकांना फार घाई. दळण काल झालं. घरात कोणाला काही बोललो नाही.

२८ जुलै
कानबाई बसली. सगळे भाऊबंद जमले. आत पंगत, रोट, खीर, गंगाफळाची भाजी. वास बाहेरपर्यंत. मी ओट्यावर. भाऊबंदांना सांगितलं, गाडी चुकली. वहिनींनी कालची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, माझ्याकडे न बघता आत गेल्या. रोट संपेपर्यंत रोज असंच जेवायचं. मनाशी म्हटलं, प्रवासाला निघालेल्या माणसाला साधं जेवण बरं.

माय बाहेर आली, शेजारी बसली. म्हणाली, पुढला साले तुन्ही बी मूठ मोजसूत. मी म्हणालो, पुढल्या साली मी कुठे असेन ते आत्ता सांगता येत नाही. ती हो म्हणाली. मी कुठे असेन ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

घास तोंडात नुसता फिरत राहिला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.