खिडकीमागची नाली

बाबा, तुमच्या पायातले जंतू आज मेले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि ते आज सकाळी माझ्या टेबलावर, एका काचेच्या बशीत मेले. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे. खरं तर तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

जंतूंनाही खाणारे असतात, बाबा. जंतूंहून कितीतरी बारीक, आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतसुद्धा नाहीत. त्यांना फाज म्हणतात. झिंग्याचं जाळं रोहूला चालत नाही ना, तसंच त्यांचं आहे. एका जातीचा फाज एकाच जातीच्या जंतूला धरतो, त्याच्या आत शिरून वाढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या वाटेला जात नाही. जे जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत त्यांच्यावर हे चालतात का, ते आमच्या नागपूरच्या कॉलेजात तपासणं सुरू आहे. मी तिथे टेक्निशियन आहे, सर सांगतात ते करते. आणि हे फाज सापडतात कुठे, तर जिथे जंतू तिथेच, म्हणजे घाणीत. म्हणून आम्ही दवाखान्यांच्या मागच्या नाल्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणतो.

मागच्या आठवड्यात भंडाऱ्याला गेले होते. ज्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मी आधी नोकरी केली आणि ज्याच्या वॉर्डात तुम्ही मेलात, तिथेच. पुरुषांच्या वॉर्डामागची नाली अजून तशीच उघडी आहे. तुमची खाट खिडकीपाशी होती. तुम्ही म्हणायचात, मासा सडल्यासारखा वास येतो, खिडकी लाव. मी लावायचे. मास्क लावून त्याच खिडकीखाली वाकले, बाटली भरली, आणि त्या पाण्यातून जो फाज निघाला त्याने आज तुमचे जंतू खाल्ले. तुमच्या खाटेपासून वीस पावलांवर होता. तेव्हाही असेल, नसेलही. पण तेव्हा शोधायला कोण गेलं होतं.

तुमचे जंतू इथे कसे, तर त्या दवाखान्यातले हट्टी जंतू नमुना म्हणून नागपूरला पाठवायचे आणि इथे ते गोठवून ठेवलेले असतात. नळीवरचा नंबर माझ्याच हातचा आहे. बशीभर पसरलेल्या त्या हिरवट थरात आज सकाळी स्वच्छ गोल भोकं पडलेली दिसली, पाटीवर ओलं बोट टेकवावं तशी. सरांनी सगळ्यांना बोलावलं, चहा आला, समोसे आले. मी डोकं दुखतं म्हणून बाहेर जाऊन बसले. एका बशीत जंतू मारले याचा केवढा आनंद. माणसाला द्यायची वेळ आली की अजून परवानग्या, कागद आणि बैठका.

पण मला आठवत राहिला तो आपला तलाव, सानगडीकडचा. मासेमारीच्या दिवशी सोसायटीचे सगळे ढीवर जाळी ओढायचे आणि काठच्या पाळीवर तुम्ही वाटे लावायचात. सगळे सारखे. जो आजारी पडून आला नाही त्याचाही एक, बुडून मेलेल्याच्या बायकोचाही एक. तुमच्या हातून कधी कोणाचा वाटा कमी पडला नाही, म्हणून वाटे लावायचा मान तुमचाच. एका वर्षी शिंगी माशाचा काटा तुमच्या तळपायात गेला आणि मी दवाखान्यातून दहा कॅप्सूलची पट्टी आणली. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, असं तीनदा बजावलं. पुढच्या रविवारी घरी येते तर आई चुलीपाशी बसून मासे साफ करते आहे आणि तुम्ही ओसरीवर. पट्टी कुठे म्हणून विचारलं. तुम्ही ती कात्रीने कापून मोहल्ल्यात वाटली होती. एक बोट कापलेल्याला, एक खोकल्यावाल्या म्हातारीला, असं करत नऊ. तुमच्या वाट्याची एक तुम्ही फोडून तिची भुकटी जखमेवर टाकली होती.

मी चिडले. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "दहाच्या दहा मीच गिळू का? वाट्यानं येते तेवढंच आपलं."

आई म्हणाली, पोरगी दवाखान्यात हाय, आनखी आनन. आणि मी आणलं, बाबा. दोन-तीन वर्षं मी पट्ट्या आणत राहिले, तुम्ही वाटे लावत राहिलात. मी आले की मोहल्ल्यातल्या बाया खुर्ची पुढे करायच्या, ते मला आवडायचं. औषधाचे वाटे लावणाऱ्या बापाची गंमत मी लॅबमध्ये रंगवून सांगायचे आणि सगळे हसायचे. शिकलेली मी होते. अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात, हे पुस्तकात मी वाचलं होतं, तुम्ही नाही.

मग काटा गेलेला तोच पाय सुजला. तरी तुम्ही तलावात उतरत राहिलात, हिरवा पू येईपर्यंत. दवाखान्यात आणलं. रिपोर्ट मीच वाचला. बशीत ठेवलेल्या औषधांच्या सगळ्या टिकल्यांना खेटून जंतू वाढलेले, एकीभोवतीसुद्धा रिकामी जागा नाही. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातून पाय काढावा लागेल. तुम्ही म्हणालात, "एका पायावर डोंग्यात कोन उभा राहीन?" मी तुमची समजूत घालते आहे, तुम्ही भिंतीकडे तोंड केलेलं आहे, आणि त्यातच विष रक्तात गेलं. नवव्या दिवशी तुम्ही गेलात. उशीर झाला, एवढंच डॉक्टर म्हणाले. बारा वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या. तुम्हालाही दिल्या, तुमच्या त्या वाट्यांना दिल्या.

एक मात्र कोणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी आधी काही औषधं घेतली का? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या पट्ट्या सुट्टी झालेल्या पेशंटच्या उरलेल्या, वॉर्डातून मी पर्समध्ये घालून आणलेल्या. माझी नोकरी कंत्राटी. मी म्हटलं, नाही सर, काहीच नाही. म्हणून त्यांनी त्याच औषधाची इंजेक्शनं सुरू केली आणि रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस तीच चालली. डॉक्टर गेल्यावर तापात फणफणलेले तुम्ही मला म्हणालात, "बरं केलं बाई. तुही नवकरी रायली पायजे."

नोकरी राहिली.

आज समोसे संपल्यावर सर तुमच्या नळीसोबत तेव्हा आलेली चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. त्यांना शोधनिबंधात पेशंटची माहिती लिहायची आहे. त्यांनी वाचून दाखवलं, आधीची औषधं, काहीही नाही. अक्षर माझंच. "तुम्ही तेव्हा तिथेच होतात ना, हे बरोबर आहे?" त्यांनी विचारलं. हे पत्र सरांना दाखवलं तर ती ओळ खोडली जाईल. दाखवणार नाही. मी म्हटलं, हो सर, बरोबर आहे.