मुल्लाजींच्या बारीची भाकरी

नंदुरबार, जुम्मेरात

धाकटे भाऊ इद्रिसमियाँ, खांडबारा, यांना हलीमाआपाचा सलाम आणि पोटभर दुवा. इथे सगळं खुशाल आहे, माझे गुडघे सोडून. तुझा खोकला कसा आहे? अजून असेल तर असू दे. असं का म्हणते ते पुढे कळेल.

पत्र मराठीत आलं म्हणून दचकू नकोस. मला उर्दू येत नाही आणि मराठीही येत नाही, तेव्हा मला दोन्ही सारख्याच. पण आपल्या गल्लीत उर्दू लिहिणारे एकटे मुल्लाजी, आणि गाऱ्हाणं त्यांचंच. मग त्यांनाच कसं लिहायला सांगू? म्हणून शेजारचे हिंमतराव गुरुजी लिहितायत. (मी आपली बोलते तशी बोलते, ते शाळेतल्या मराठीत उतरवतात. मघाशी मुल्लाजींना मी एक नाव ठेवलं, तिथे यांनी ‘सद्गृहस्थ’ लिहिलं. मी म्हटलं, "गुरुजी, मन्हा भाऊ शे तो, त्याले समजी जाई." तरी खोडेनात.)

तर ऐक. माझ्या वाहिदच्या पोरीचा, नईमाचा, कुराणातला शेवटचा भाग, अम्मचा सिपारा, पुरा झाला, बताशे वाटले, तू आलास, निम्मे तूच खाल्लेस, हे तुला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी सकाळी मुल्लाजी तिला शिकवायला घरी आले, आणि मी नेहमीसारखी पडद्याआड तुरीची डाळ निवडायला बसले. माझं शिकणं हे असंच, तुला ठाऊक आहे. लहानपणी तू उस्तादांपुढे डोलायचास आणि मी आत सुपात हात घालून ऐकायचे. तू अडलास की छडी खायचास, आणि आतून पुढचा शब्द मी पुटपुटायचे. पण अम्मचा सिपारा संपला आणि उस्तादांनी तुला मशिदीत बोलावलं. मशिदीत डाळ निवडायला कोण नेणार? तिथे माझं शिक्षण थांबलं. पन्नासेक वर्षं मी त्या सिपाऱ्यातल्या छोट्या सूरांवरच, एवढ्याशा अध्यायांवरच, नमाज पढते आहे. म्हटलं, आता नईमा पुढे चालली, मीही तिच्यामागून चालेन.

आणि हे सद्गृहस्थ किताब मिटून म्हणतात, "बस. मुलीला नमाजेपुरतं झालं." मी पडद्यातून विचारलं, पुढचं कधी? तर म्हणाले, "आपा, या छोट्या सूरा मक्केतल्या. पुढे बकरा, निसा, अशा लांब सूरा लागतात. आपले हुजूर पैगंबर, दरूद त्यांच्यावर, हिजरत करून मदिनेला गेले, त्यानंतर त्या उतरल्या. त्यात निकाह आहे, तलाक आहे, वाटणी आहे, गवाही आहे. घरगृहस्थीच्या गोष्टी. त्या घरातल्या मर्दांसाठी."

गृहस्थीच्या गोष्टी म्हणून बायकांनी ऐकायच्या नाहीत! इद्रिस, तूच सांग. अल्लाने गृहस्थीचे कायदे पाठवले, ते ज्यांना घरात मिठाची बरणी सापडत नाही त्यांच्यासाठी पाठवले का? आमच्या वाहिदला विचार, घरात हळद कुठे आहे. छताकडे बघेल. माझं रक्त असं उकळलं की डाळीतले खडे डाळीत आणि डाळ अंगणात गेली.

मग आली आपल्या घराची बारी. (गुरुजी विचारतायत, बारी म्हणजे काय. मुल्लाजी एकटे असतात ना, त्यांचं जेवण रोज एका घरून पाळीने जातं, ती बारी.) मी ताटात रुपयाएवढ्या चार भाकरी ठेवल्या, वाटीत वांग्याची एक फोड, आणि निरोप दिला, छोट्यावर भागतं म्हणता, तर भागवा. वाहिद माझ्यावर ओरडला, "अम्मी, कौमेत तोंड दाखवू देणार आहेस का?" ताट मात्र धुतल्यासारखं परत आलं, वर दुवा. पुढच्या बारीला भाकरी आणखी लहान केल्या. ती बारी आजची, आणि मुल्लाजी स्वतः दाराशी आले. मी काही बोलायच्या आत आतून तुझी बेगम अख्तरबानो बोलली. (ती कालच्या गाडीने माझे गुडघे बघायला आली आहे, तूच स्टेशनावर सोडलंस.) अगदी अदबीने विचारलं, "मुल्लाजी, ‘इजा जाआ’ ही सूरा नईमाला तुम्हीच शिकवलीत ना? तीनच आयती. ती कुठली?" मुल्लाजी खाकरले. "मदिनेतली," म्हणाले. "अगदी शेवटी शेवटी उतरलेली." म्हणजे पन्नासेक वर्षं मी मदिनेतली सूरा पढत होते आणि घर काही मोडलं नाही! यांनी आपल्या सूरा लांबीवरून वाटल्या होत्या, लहान ती बायकांची, मोठी ती पुरुषांची, बाजारात लुगडं आणि परकर निवडावा तसं.

मग बिचारे खरं बोलले. रिकाम्या पोटी माणूस खरं बोलतो. म्हणाले, "आपा, मी शिकवणारच होतो. बताशांच्या दिवशी तुमचे भाऊ कानात सांगून गेले, पोरीला पुढचं देऊ नका, माझ्या घरी एक आहे जिला सगळं येतं, मी भोगतोय."

शाबास. मुल्लाजींना मी तिथेच जेवायला बसवलं, भाकरी सुपाएवढी केली. तुझ्यावरचा राग मात्र तसाच ताजा आहे.

तुझी आपा हलीमा. खालचा अंगठा माझा, शाईचा डाग गुरुजींचा.

ताजा कलम : अख्तर दोन दिवसांसाठी आली आहे असं तू धरून बसला असशील. मला बकरा पुरी वाचून दाखवल्याशिवाय ती हलत नाही. ती अडीच सिपाऱ्यांची सूरा आहे. मिठाची बरणी चुलीच्या डाव्या हाताला.

आणखी एक : नईमा पोर आहे, तिला पुढे खूप सकाळी आहेत. घाई मला आहे. अल्लापुढे उभी राहीन तेव्हा त्याने मदिनेत काय सांगितलं ते ऐकून तरी गेलेलं बरं.

शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच : अख्तरला तोंडपाठ आहे ते फक्त तुझ्याशी भांडण्यापुरतं. बाकीचं वाचायला चष्मा लागतो, आणि तो तू तिच्या पेटीतून काढून ठेवलास, ती लवकर परत यावी म्हणून. ती म्हणते, तुझ्या जुम्म्याच्या टोपीच्या डब्यात बघायला सांगा, त्याच्या लपवायच्या जागा दोनच आहेत. उद्याच्या गाडीने येईल त्याच्या हाती पाठव. मी डाळ घेऊन बसले आहे.