जवळ नेणारं बटण

माय, तू गेलीस तेव्हा फोनवर नुसतं बोलता यायचं, म्हणून हे तुला पहिल्यापासून सांगावं लागेल. जिंतुरात बसस्टँडजवळच्या आपल्या टपरीचं आता मोबाइलचं दुकान झालंय. संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी लाइव्ह करतो, म्हणजे मी इथं बोलतो ते लोक त्याच वेळी आपापल्या फोनवर बघतात, लिहून उत्तरं देतात. लोकांना मी दिसत नाही. दिसते एक चितारलेली म्हातारी. मी तोंड हलवलं की ती हलवते, मी मान डोलावली की ती डोलावते. सुनेची चेष्टा करते, शेळीशी भांडते. आवाज तुझा आहे, काढतो मी. माझे कान लहानपणापासून तिखट. पुढचे दात नसल्यानं तुझा निसटणारा शब्दसुद्धा कानात तसाच राहिलाय.

बोरीच्या बाजारात शेळ्या बाजूलाच राहायच्या आणि बायका तुझ्याभोवती जमायच्या. तू बोलायचीस, त्या हसायच्या, आणि तुला हसू फुटलं की आधी पदर तोंडावर जायचा. शेळीनं डोकं मारून तुझे दात पाडले तेव्हा मी पाळण्यात होतो. टपरी चालायला लागल्यावर मी म्हणालो होतो, परभणीला जाऊ, कवळी बसवू. तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "आता कुणाला दावायचेत?"

तर ती पडद्यावरची म्हातारी एकाच जागी बसलेली, लोक कंटाळायला लागले. म्हणून मी कॅमेरा हलता केला. खरा कॅमेरा जागचा हलत नाही, चित्रातलाच हलतो. एका बटणावर तो सावकाश तिच्या चेहऱ्याजवळ जातो, दुसऱ्यावर बाजूला सरकतो, तिसऱ्यावर मागं येतो. पहिल्याच दिवशी एकानं लिहिलं, आजी, दात येलदरीच्या धरणात पडले का? मी तुझ्या आवाजात म्हणालो, "न्हाई रे बाबा, सासूनं ठिवून घेतले, म्या माहेरी पळू नये म्हून." आणि जवळचं बटण दाबलं. पडदाभर ते बोळकं हसत राहिलं. लोकांना लय आवडलं. मग रोजच तसं करू लागलो. हशा कुठं पिकतो ते मला बरोबर कळतं.

काल ताईचा फोन आला. "आवाज हुबेहूब हाय रे," ती म्हणाली. "डोळे मिटले तर माय घरातच हाय." मग म्हणाली, "पण पदर कुठंय तिचा?"

फोन ठेवून मी ते चित्र नीट बघितलं. त्या म्हातारीच्या डोक्यावर पदर आहे, पण तो नुसता रंगवलेला. हात मांडीवरून उठतच नाहीत. जिनं जन्मभर चारचौघांत तोंड झाकलं, तिला मी हात बांधून बसवलं आणि लोकांना म्हणालो, या, जवळून बघा.

आज एवढंच बदललं. तिला हसू आलं की कॅमेरा बाजूला सरकतो, चित्रातच दारात बांधलेल्या शेळीवर जाऊन थांबतो. हसू नुसतं ऐकू येतं. कुणी विचारलं, आजी लाजली का? मी म्हणालो, हो.

ताईला दाखवायला म्हणून हे लिहायला बसलो होतो. आता दाखवणार नाही. कारण लाइव्ह संपल्यावर, शटर पूर्ण ओढून, मी ते जवळचं बटण पुन्हा एकदा दाबलं. ते तोंड मी मनानंच काढलंय, माय. तू हसताना कशी दिसायचीस, ते मी कधी पाहिलंच नाही.