उत्तरेचा हवापालट

श्री
ठाणे, नौपाडा, मिती माघ शुद्ध सप्तमी, शके १८०९

तीर्थस्वरूप सौ. ताईस उत्तरेचा सा. न. वि. वि.

येथे सर्व खुशाल आहेत, मी वगळून. माझे ओटीपोटाचे आणि कंबरेचे दुखणे तुला ठाऊकच आहे. पूर्वी ते बाहेर बसायच्या दिवसांपुरते येई. आता आधीपासूनच मुक्कामाला येते आणि नंतरही लवकर निघत नाही. परवा घागर घेऊन उठायला गेले ती विहिरीपाशीच बसले. सासूबाई म्हणाल्या की बाईच्या जातीला दुखायचेच, त्याचा डांगोरा कशाला पिटायचा.

औषध चालू आहे. मी सासूबाईंना सांगते, त्या इकडे सांगतात, आणि इकडून वैद्यांना सांगणे होते. वाटेत प्रत्येकाला लाज वाटते, त्यामुळे वैद्यांपर्यंत एवढेच पोचते की पोट बिघडले आहे. पावसाळ्यापासून पाचक चूर्ण घेते आहे. पचन उत्तम झाले आहे. भात जास्त लागतो, आणि त्यावरूनही बोलणी खाते.

आता असे ठरते आहे की शिमगा झाला की मला हवापालटासाठी कल्याणला माहेरी धाडायचे. बरी झाले की बोलावतील म्हणे. ताई, माहेर कुणाला नको असते? पण मला फार भीती वाटते.

मुलांना गोड पापा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी उत्तरा


कल्याण, मिती माघ वद्य चतुर्थी

चि. सौ. उत्तरेस मंदाकिनीचे अ. उ. आ.

हवापालट हा शब्द वाचला आणि पत्र खाली ठेवले. आमच्या आळीतली ठमाबाई हवापालटासाठीच माहेरी आली होती. तिचे केस पिकले, हवा अजून पालटतेच आहे. बोलावणे आले नाही, सवत मात्र आली. तेव्हा तू तिथून हलायचे नाही.

येथे एक वृद्ध वैद्य आहेत. त्यांची दृष्टी गेल्यापासून बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. तुझे नाव बाहेर फुटू नये म्हणून मी तुझे सगळे दुखणे माझेच म्हणून सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग नाडी पाहून म्हणाले की ही नाडी धडधाकट बाईची आहे, हिला फक्त भूक लागली आहे. पण सांगितलेले दुखणे खरे आहे, ते जिचे असेल तिला कळवा. समूळ जाईल असे त्यांनी सांगितले नाही. हलके होईल म्हणाले. दिवस यायच्या आधीपासून सुंठ-ओव्याचा काढा घ्यायचा, जाड्या मिठाची पुरचुंडी तापवून पोट-कंबर शेकायची, आणि त्या दिवसांत घागरी उचलायच्या नाहीत. हे सोंग नव्हे, असेही ते आपणहून म्हणाले.

दाराआड माझी नणंद उभी होती. तिने फक्त पहिला भाग ऐकला आणि घाईने घरी गेली. तेव्हापासून आमच्या घरी मी आजारी आहे. दोन्ही वेळा कडू काढा पाजतात आणि चुलीपाशी फिरकू देत नाहीत. रोग हाल्याला आणि औषध पखालीला. विश्रांती मात्र वाईट नाही, म्हणून मी अजून खुलासा केलेला नाही.

सुंठ, ओवा, मीठ काळुरामच्या गाडीतून पाठवले आहे. तुझ्या सासूबाईंस नमस्कार. जिवाला जप, बाकी आशीर्वाद आहेतच.

मंदाकिनी


ठाणे, मिती फाल्गुन शुद्ध द्वादशी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

मीठ पोचले. ठाण्याच्या खाडीला एवढी मिठागरे असताना कल्याणहून मीठ का आले, हे सासूबाईंना कळेना. त्यांनी ते लिंबाच्या लोणच्यात घातले. लोणचे चांगले झाले आहे.

‘सोंग नव्हे’ एवढेच मी पुन्हा पुन्हा वाचले आणि रडले. काढ्याने आधीचे दुखणे थोडे उतरले, हे खरे. पण शेक घ्यायचा कसा? ज्या दिवसांत शेकायचे त्याच दिवसांत मला चूल शिवता येत नाही आणि मला कोणी शिवत नाही. मागच्या पडवीत मी एकटीच पोट धरून बसते. पाणीही वरून ओततात.

रंगपंचमीला गाडी सांगितली आहे. माझी पेटी भरायला काढली. इकडून पेटीकडे पाहणे झाले, बोलणे झाले नाही.

तुझ्या औषधाचा तुला गुण येवो. ममता असू दे.

उत्तरा


कल्याण, मिती फाल्गुन पौर्णिमा

चि. सौ. उत्तरेस अ. उ. आ.

आता मधली माणसे पुरेत. जे काही आहे ते तू स्वतः तुझ्या यजमानांना, विश्रामरावांना सांग. तुझ्या वाट्याची लाज मी येथे वैद्यांपुढे खर्च केली आहे, तुझ्याकडे शिल्लक राहायचे कारण नाही. लगेच उत्तर पाठव, मला घास गोड लागत नाही.

मंदाकिनी


ठाणे, मिती फाल्गुन वद्य सप्तमी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

मी येथेच आहे.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशीच मी बाहेर बसले आणि दुखण्याने डोळ्यांपुढे अंधारी आली. इकडून पडवीच्या दाराबाहेर येणे झाले, तेव्हा मी दाराकडे पाठ करून सगळे सांगितले, अगदी सगळे. मग आत जाऊन सासूबाईंना एकही शब्द न गाळता सांगणे झाले. मधे दोनदा खोकणे झाले, पण गाळणे नाही.

सासूबाई तडक उठल्या. मला वाटले, आता गाडी आजच येते. थोड्या वेळाने त्या पडवीत आल्या त्या तापलेल्या मिठाची पुरचुंडी घेऊन. आपल्या सोवळ्याच्या धाबळीचा कोपरा फाडून त्यात मीठ बांधले होते. लोकरीला विटाळ नाही, असे त्यांनी अंगणाकडे तोंड करून मोठ्याने सांगितले, आणि स्वतःच्या हाताने ती माझ्या पोटावर धरली. निवली की पुन्हा तापवून आणत. कळ मांडीत उतरते का, विचारले. उतरते. पाठीच्या खाली काही तुटल्यासारखे होते का? होते. मी न सांगितलेलेही त्यांना ठाऊक होते.

मग म्हणाल्या की त्यांनाही तारुण्यात हे असेच होते. पदराचा बोळा दातांत धरून त्यांनी दिवस काढले, आणि लग्नानंतर किती वर्षांनी इकडचा जन्म झाला तेही सांगितले. त्यांना वाटे, सगळ्याच बायकांना इतके दुखते. सगळ्या मुकाट सोसतात आणि ही सून एकटीच गाजावाजा करते. म्हणून त्यांना माझा राग येई.

गाडी परत पाठवली. दुखणे गेलेले नाही, जाणारही नाही. पण पोटावर ऊब होती आणि जवळ माणूस होते. ताई, मला फार बरे वाटले.

तू आता घरच्यांना खुलासा कर, काढा पुरे. आहे ही माया अशीच राहो.

तुझी उत्तरा

ता. क. सासूबाईंनी तुला एक विचारायला सांगितले आहे. असे मुळीच दुखत नाही अशा बायका खरोखर असतात का? उत्तर जपून लिही. त्या रोज टपालाची वाट पाहतात.