आभाळाचं माहेर

माय, आज आखाजी, इथल्या लोकांची अक्षय्यतृतीया. आमरस केला, सुंठ तुझ्यासारखीच अंमळ जास्त पडली, आणि खाणारे सगळे पंख्याखाली आडवे झालेत. मी मात्र सकाळपासून मनातल्या मनात तुझ्याशीच बडबडतेय. म्हटलं, त्यापेक्षा कागदच घेऊन बसावं.

तुला ती आखाजी आठवते का, जेव्हा माझं पुणं सुटता सुटता राहिलं? मी तिथे संशोधन करत होते, ते निम्म्यावर आलं होतं. पण वडील गेल्यापासून आपल्या धुळ्याच्या घरात मोठे काका, म्हणजे आबा, म्हणतील ती पूर्व. साक्रीचं स्थळ आलेलं. सण झाला की होकार कळवायचा आणि पोरीचं पुण्यातलं बाडबिस्तर घेऊन यायचं, असं आबांनी ठरवूनही टाकलं होतं. मी रडून डोळे सुजवलेले, आणि तू? तू ढिम्म! तोंडातून ब्र नाही. इतका राग आला होता ना मला तुझा!

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. अंगणात चूल पेटलीय, तिच्यावर मातीचं खापर पालथं घातलंय, आणि तू पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झुलवत मोठा करतेयस. तो कोपरापर्यंत पसरतो, आरपार दिसावं इतका पातळ होतो आणि अलगद खापरावर जाऊन पडतो. आबा ओट्यावर बसून मांड्यांची वाट बघतायत. एवढ्यात तू मला मोठ्यानं विचारतेस, "काय व, तू तठे पुण्याले करस तरी काय? आज सांगीच टाक." मला वाटलं, झालं! ही आगीत आणखी तेल ओततेय.

मी फणकाऱ्यानंच सुरुवात केली. जग जन्मलं तेव्हाची ऊब अजून आभाळात उरलीय, आता पार गारठलेली, बर्फाहून कितीतरी थंड. ती मोजायला परदेशातल्या लोकांनी नुकतंच एक यान वर धाडलंय. "वर कशाला?" आबा म्हणाले, "गच्चीवरून मोजायला काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत तू पदर सावरलास आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणालीस, "चुलीवर शेकेल हात पोरना कपायवर ठेवा, तं ताप समजी का?"

अगं, नेमकं तेच! आपल्या हवेचीच ऊब मध्ये लुडबुडते, म्हणून तर वर जायचं. मग मी जी सुटले! खापराकडे बोट दाखवलं, म्हटलं, हे आभाळ समजा. यानानं अलीकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं, जिकडे पाहावं तिकडे ऊब सारखी. तू खापरावरून तळहात फिरवलास. जाळ कितीही हलवला तरी तुझं खापर एका अंगाला जास्त तापायचंच. "बठ्ठं सारखं?" तुझा विश्वास बसेना. म्हटलं, बठ्ठं, अगदी सगळं. आणि गंमत म्हणजे आभाळाची दोन टोकं इतकी लांब, की एकाची ऊब दुसऱ्याला पोचायला जगाचं आख्खं वय पुरलं नाही. कधी गाठभेटच नाही, तरी सारखी कशी?

मिशीवरचा आबांचा हात थांबला. "म्हणजे साक्रीची एक बाई, भुसावळची एक बाई. एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. आणि दोघींच्या आमटीची चव एकच?"

"अगदी तसंच, आबा."

"असं कसं होईल?"

तू मांडा उतरवलास, घडी घातलीस. "दोन्हीसनं माहेर एक व्हई," म्हणालीस. "दुसरं काय!"

माय, मी तिथे नाचायचीच बाकी होते! आमच्या संशोधनातली काही मोठी माणसं तसंच म्हणत होती. सुरुवातीला सगळं अगदी जवळजवळ होतं, मग झपाट्यानं पसरलं, तुझ्या हातावरच्या मांड्यासारखं. पण खात्री कुणालाच नव्हती, तेही मी आबांना सांगितलं. त्यांनी पोटभर मांडे खाल्ले. रसाची दुसरी वाटी संपवली आणि म्हणाले, "साक्रीकरांना सांगतो, थांबायचं तर थांबा. तू जा. ते माहेर खरं का खोटं, बघून ये आधी." तू पदरात तोंड लपवून हसत होतीस. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मांडे होईपर्यंत आबा ओट्यावरून हलत नाहीत, हे तुला पक्कं ठाऊक होतं. लबाड कुठली!

साक्रीकर काही थांबले नाहीत, बरंच झालं. पुढे त्याच यानानं आभाळाच्या उबेत बारीकसा फरकही शोधला, लाखातला एक भाग, आणि त्यातूनच पुढे सगळ्या चांदण्या झाल्या म्हणतात. मी धावत येऊन तुला सांगितलं, तर तू शेंगा सोलत म्हणालीस, "राहीच ना फरक. सख्ख्या बहिणीसना हात तरी कोठे सारखा राहस?"

आज शेजारीण पहिल्यांदाच आपल्याकडे जेवायला आली होती, भुसावळची. रसाचा घास घेतला आणि थबकलीच. "ताई, सुंठ अशी माझी आई घालायची. तुमचं माहेर कुठलं हो?" पाणी आणते म्हणून आत आले आणि स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून हसत-रडत उभी राहिले.

तू गेलीस तिकडे हे धाडायचं कुठल्या दिशेला, म्हणून पाकीट शोधतच नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. रस माझा होता, पण मांडे विकतचे होते. हातावर घेतला की माझा अजून फाटतो गं.