शेवटची कुपी समारंभात न उघडण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय संचालक,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : गोठण टाकी क्र. २ मधील शेवटची कुपी वर्धापन समारंभात न उघडण्याबाबत व प्रशस्तिपत्र परत करण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ४ चे पत्र ("उत्तरासोबत टाकीची किल्ली जोडावी").

महोदय,

१. संदर्भीय पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाटले, कुणीतरी थट्टा केली आहे. दुसऱ्यांदा खाली आपली सही दिसली.

२. मी या संस्थेत एकोणीस वर्षे स्तनाच्या कर्करोगावर काम करते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक अशा बऱ्याच गाठींतल्या पेशींना "वाढा" असा निरोप देते. तो निरोप पेशीत कुठल्या वाटेने जातो आणि ती वाट कुठे अडवता येईल, एवढेच मी शोधते. त्यासाठी पेशींची एक तुकडी इस्ट्रोजेनविना, म्हणजे उपाशी ठेवावी लागते. ती वाढली नाही तरच दुसऱ्या तुकडीची वाढ कशामुळे झाली हे सांगता येते. म्हणून या पेशींना बिनरंगी पोषकद्रवच लागतो. नेहमीच्या लाल द्रवातला रंग इस्ट्रोजेनची थोडी नक्कल करतो. हे मी भांडाराला तीन वेळा लेखी कळवले आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

३. मी अकरा आठवडे रजेवर होते. त्या काळात भांडारपालांनी बिनरंगी बाटल्या "रंग उडालेला माल" असा शेरा मारून परत पाठवल्या आणि लाल मागवल्या. वर माझ्या सहायकाला म्हणाले, हे तर नुसतं पाणी दिसतंय, लालमध्ये निदान काहीतरी आहे असं वाटतं तरी. सहायक बिचारा शहाणा, त्याने लेखी विचारले. खरेदी अधिकाऱ्यांनी, ज्यांना सारी इमारत "तीन दरपत्रके" म्हणते, टिपणीवर लिहिले : "समकक्ष. चालेल." त्या दोन शब्दांवर टाकीत गोठवून ठेवलेल्या गाठीच्या पेशींच्या चारपैकी तीन कुप्या उघडल्या गेल्या.

४. मी परतले तेव्हा उपाशी तुकडी खाऊनपिऊन टुमटुमीत झाली होती. पथ्यावरच्या रोग्याला मागच्या दाराने साखर चारावी आणि मग त्याचे रक्त तपासावे, तसा प्रकार. तिन्ही कुप्या मातीत गेल्या.

५. इथवर मूर्खपणा होता, तो मी गिळला असता. पण आपल्या कार्यालयाने माझी नोंदवही मागवली, आलेख वर जाताना पाहिला आणि वार्षिक अहवालात छापले : "पेशींच्या वाढीत लक्षणीय प्रगती". मला प्रशस्तिपत्रही आले, सोनेरी चौकटीत. महोदय, ती कर्करोगाची वाढ आहे. ती होऊ नये म्हणून ही संस्था उभी आहे, असे खालच्या दारावर पितळी अक्षरांत लिहिले आहे. आपण रोज त्याखालून आत येता. मला या कौतुकाची किळस आली आणि ती अजून गेलेली नाही.

६. आता आपले पत्र म्हणते की चौथी कुपी पाहुण्यांच्या हस्ते मंचावर उघडावी, पेशी लाल द्रवात सोडाव्यात, कारण तो "छायाचित्रात उठून दिसतो", आणि वाढ मोठ्या पडद्यावर दाखवावी. पेशी टाळ्यांच्या वेळेत वाढत नाहीत, हे मी कुणाला समजावू? समारंभ समितीने तर पडद्याशेजारी फुगे लावायचे ठरवले आहे.

७. त्या कुपीत कुणाची गाठ आहे, हे आपण विचारले नाहीत. ती माझ्या थोरल्या बहिणीची आहे. माझी रजा तिच्यासाठीच होती. रजेच्या दहाव्या आठवड्यात ती गेली. ती फार लाजाळू. काखेजवळ गाठ लागली तरी आठ महिने तिने ती कुणाला दाखवली नाही, आईलासुद्धा नाही. डॉक्टरपुढे गेली तेव्हा उशीर झाला होता. शस्त्रक्रियेआधी तिने संमतीपत्र भरले आणि खालच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिले : "धाकटीने तपासावी. बाकी कुणाला दाखवू नये." तीनदा तर आम्ही तिचे तपासणेही वाया घालवले. आता तिला फुग्यांत उभी करायची आहे. शिसारी येते मला, महोदय. दुसरा शब्द मला सापडत नाही.

८. तरी विनंती की,
(अ) समारंभातून माझ्या प्रयोगशाळेचे नाव वगळावे;
(आ) अहवालातील ते वाक्य काढावे;
(इ) बिनरंगी द्रव बिनरंगीच द्यावा. तो येईपर्यंत टाकी उघडणार नाही.

बहिणीने माझ्याकडे एवढेच मागितले होते. शिस्तभंगाची नोटीस काढायची असल्यास मी सकाळी साडेनऊपासून जागेवर असते.

आपली, आजवर नम्र असलेली,

(सही)
वरिष्ठ शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा क्र. ३
दिनांक : ७

सोबत :
१. संमतीपत्राची प्रत.
२. "समकक्ष. चालेल." या टिपणीची प्रत.
३. प्रशस्तिपत्र, चौकटीसह. काच मी फोडली आहे.
४. किल्ली जोडलेली नाही.