गौराच्या भाराचा गूळ

मार्गशीर्ष शु. ३, शके १८३४, जव्हार

सासूबाईंनी ठरवूनच टाकलं — गौराची तुळा टेकडीवर करायची! ताप उतरला तर पोरीच्या भाराइतका गूळ वाहीन, हा नवस माझा. देवी आपल्या आळीतली. मग टेकडी कशाला?

मुंबईला सायन्स शिकणारे भाऊजी सुटीला आलेत, हा त्यांचा प्रताप. जेवताना म्हणाले, "वहिनी, उंचावर पृथ्वीची ओढ कमी. वजन कमी भरतं. गूळ वाचेल तुमचा!" ते हसत होते. सासूबाई नाही हसल्या. "सहा वर्षांची घोडी ती. वाचेल तेवढा वाचवा."

चैत्रात वाण्याच्या तराजूत गौरा गमतीने बसली होती, अठरा शेर भरली. तेवढाच गूळ आणवलाय.

शु. ४

माझ्याही मनात आलं. खोटं कशाला लिहू? काटकसर हाडात मुरलेली. पण देवीला मापात फसवायचं?

शु. ६

भाकरी करपली, पण उलगडा झाला!

एका पारड्यात गौरा, दुसऱ्यात गूळ. टेकडीवर ओढ कमी झाली तर दोघांचीही होणार. गूळही तितकाच हलका. दांडी हलेल कशी?

भाऊजींना गाठलं. तर म्हणे, "तर मग स्प्रिंगच्या काट्याला टांगा. तो कमी दाखवेल." दाखवेल, कारण तो नुसती ओढ मोजतो. तराजू अंगातलं द्रव्य द्रव्याशी जुळवतो. ओढ जागेजागी बदलते, द्रव्य नाही. गौराला चंद्रावर नेलं तरी तिचं तिच्यापाशीच. "आणि आपल्या टेकडीने काट्यालाही सुपारीएवढा फरक कळायचा नाही," हे शेवटी त्यांनीच कबूल केलं. लबाड!

शु. ८

सांगून टाकलं — तुळा इथेच, वाण्याच्या त्याच तराजूने.

"मॅट्रिक झालीस म्हणून देवीला शिकवणार?"

"देवीला नाही, सासूबाई. नवस माझा आहे. पुरा फेडणार."

हे पानावरून उठता उठता म्हणाले, "करू दे तिला." बस!

शु. १०

तुळा झाली. देवळाच्या ओसरीवर तराजू टांगला. दळणाला येते ती चैती, तिने गौराला उचलून पारड्यात बसवलं. गौरा लाजून परकर सारखा करत होती. मी एकेक ढेप चढवत गेले. तेरा शेरांवर दांडी सरळ. आणखी एक ढेप ठेवली —

"बाय, थांब! पोर वर चालली!" चैती ओरडली.

पाच शेर उरला. सासूबाईंनी हात जोडले, "बघ, देवीनेच वाचवला. वाण्याला परत कर." भाऊजी म्हणाले, "वहिनी, ओढ इथेच कमी झाली वाटतं!" सगळे हसले. मीही हसले.

शु. ११

जागा तीच. तराजू तोच. गूळ चोख.

कमी झाली ती गौरा.

ताप गेला म्हणून आम्ही तापाचं औषध, ते कडू कोयनेल, बंद केलं. गाल उतरलेत, भरतील, म्हणत राहिलो. आज उरलेल्या ढेपा मांडीवर घेऊन पाहिल्या — एवढी माझी पोर नाहीशी झाली आणि आम्ही हसलो!

गूळ परत जाणार नाही. गौराला शाल गुंडाळली आहे. दवाखान्यात निघाले. कुणाला विचारलेलं नाही.